कॅरेक्टर घडवताना, मोहीम आखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायच्या फँटसी रोलप्लेइंग खेळांबद्दल आहेत. आकडे आलेत ते डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतले, 2014 च्या नियमांचे. 2024 च्या सुधारित पुस्तकांमुळे जिथे खरोखर फरक पडतो, तिथे तसं सांगितलंय. तुम्ही दुसरी सिस्टिम खेळत असाल तर आकडे सोडून द्या, बाकीचं बहुतेक लागू पडेल.

हा खेळ नक्की असतो काय?

एक जण डीएम होतो, म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा. जग, त्यातली माणसं, राक्षस, पाऊसपाणी सगळं त्याच्याकडे. बाकीचे प्रत्येकी एक कॅरेक्टर चालवतात. समोर काय आहे ते डीएम सांगतो, आपण काय करतो ते खेळाडू सांगतात, आणि निकाल काय लागेल याची खात्री नसेल तिथे फासे पडतात. जिंकणं-हरणं नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 1974 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आणलं तेव्हा ते टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांतून निघालं होतं. नियमांच्या पुस्तकात गप्पा मारण्यावर थोडी पानं आणि मारामारीवर ढीगभर पानं का, याचं उत्तर तिथे आहे.

किती जण लागतात? किती वेळ?

डीएम धरून चार ते सहा. तीन-चार तासांचं सेशन. खेळाडू सहाच्या वर गेले की लढाईत आपली पाळी येईपर्यंत लोक मोबाइल काढतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

सगळी पुस्तकं विकत घ्यावी लागतात का?

नाही. नियमांचा गाभा असलेला सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट फुकट मिळतो. 5.1 ही आवृत्ती जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुली झाली. त्यात बाराही क्लास (कॅरेक्टरचे पेशे: फायटर, विझर्ड वगैरे) आहेत, प्रत्येकाचा एकेक उपप्रकार आहे, भरपूर मंत्र आणि राक्षस आहेत. वर्षभर खेळायला तेवढं पुरतं.

कॅरेक्टरची सुरुवात कुठून करू? आकड्यांपासून की गोष्टीपासून?

त्याला काय हवंय, तिथून. "एल्फ, विझर्ड, पहिली लेव्हल" हे नुसतं वर्णन झालं, त्यात हालचाल नाही. गोष्टीपासून सुरुवात करणारे बहुतेक जण भूतकाळ लिहीत बसतात, आणि भूतकाळ तर घडून गेलेला असतो. टेबलावर लागते ती पुढे ओढणारी दोरी.

एक उदाहरण घेऊ. लोहाराची मुलगी. हात बापापेक्षा साफ, म्हणून दुकानातली कुलुपं तीच बनवते. एका गिऱ्हाइकानं एकदम 11 कुलुपं नेली. वर्षभरानं तिला कळलं की तो माणसं कोंडणाऱ्यांना माल पुरवणारा होता. कुलुपं ठिकठिकाणी पांगली, आणि त्यातल्या एकाच्या आड तिच्या ओळखीचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस मेला. आता तिला ती अकराच्या अकरा कुलुपं उघडायचीत. चार झाली, सात राहिली. टेबलावर सगळे तिला 'किल्ली' म्हणतात.

यात डीएमला काय मिळालं बघा: सात दारं. प्रत्येकामागे काय आहे ते त्यानं ठरवायचं. "मला अन्यायाविरुद्ध लढायचंय" असं लिहिलं असतं तर त्याच्या हातात काहीच पडलं नसतं. हवंय ते मोजता येण्यासारखं असावं, निदान बोट दाखवता येईल असं तरी. शिवाय एक खोड हवी, जी तिला अडचणीत टाकेल. किल्लीला कुलूप लागलेल्या दाराजवळून नुसतं पुढे जाता येत नाही. ही खोड पार्टीला, म्हणजे सोबतच्या सगळ्या कॅरेक्टरांच्या टोळीला, दोनदा महागात पडते आणि तिसऱ्यांदा वाचवते, असा माझा अनुभव.

मग आकडे कधी?

लगेच. हवंय ते ठरलं की क्लास बहुधा आपोआप सुचतो. किल्ली म्हणजे रोग, इंग्रजीतला rogue, कुलुपं आणि चोरट्या कामांत तरबेज असा क्लास. (मराठी टेबलावर "तुला काय आहे?" "मला रोग आहे" हा विनोद पहिल्या दहा मिनिटांत होतोच. होऊ द्या, मग पुढे जा.)

सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. शीटवर ती स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी वगैरे नावांनी दिसतील. आकडे ठरवायचे तीन चालू मार्ग आहेत.

पहिला, फासे. सहा बाजूंचे चार फासे टाकायचे, सगळ्यांत छोटा काढायचा, उरलेल्या तिघांची बेरीज. असं सहा वेळा. सरासरी 12.24 येते. दुसरा, ठरलेला संच: 15, 14, 13, 12, 10, 8. सरासरी बरोबर 12. तिसरा, 27 पॉइंटची खरेदी: सगळे गुण 8 पासून सुरू होतात, 13 पर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट, 14 आणि 15 ला दोन-दोन. त्यामुळे 15 ची किंमत 9 होते. ठरलेल्या संचाची बेरीज करून बघा, तीही नेमकी 27 भरते.

फाशांची सरासरी जराशी वर आहे, म्हणून लोक तिकडे धावतात. पण सरासरी पुष्कळ कॅरेक्टरांची मिळून असते, आणि खेळायचं असतं एकच. शेजारी बसलेल्याला दोन 17 पडले आणि तुमचा सगळ्यांत मोठा 13 आला, तर पुढचं वर्षभर प्रत्येक लढाईत ते टोचतं. छोट्या, एका रात्रीच्या खेळाला फासे मजा आणतात. लांब कॅम्पेनला, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या मोहिमेला, मी संच किंवा खरेदीच लावतो, त्यावर वाद घालत नाही.

कुठला आकडा कुठे टाकू?

इथे एक बारकावा नवखे हमखास चुकतात. खेळताना गुण फारसा वापरला जात नाही, वापरला जातो त्यातून निघणारा मॉडिफायर. 10 वजा करा, उरलेल्याची निम्मी, अपूर्णांक खाली. म्हणजे 10 आणि 11 ला शून्य, 12 आणि 13 ला +1, 14 आणि 15 ला +2. 12 आणि 13 मध्ये रोजच्या खेळात काडीचा फरक नाही. विषम आकडा म्हणजे अर्धी चढलेली पायरी. तो ठेवायचा तर पुढे वाढवायचा बेत असू द्या. पहिली संधी चौथ्या लेव्हलला येते.

किल्लीचं असं होईल: 15 चपळाईला, 13 काटकपणाला. ती स्टाउट जातीची हाफलिंग (बुटक्या लोकांचा वंश) घेतली तर चपळाईला +2 आणि काटकपणाला +1 मिळतात, म्हणजे 17 आणि 14. (2024 च्या नियमांत हे बोनस वंशावरून येत नाहीत, बॅकग्राउंडवरून येतात.) बुद्धी 14, कारण कुलूप म्हणजे डोक्याचं काम. ताकद 8. रोगचे पहिल्या लेव्हलचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) 8, त्यात काटकपणाचे +2, एकूण 10.

आता कुलूप उघडण्याचं गणित. चपळाईचे +3. सरावाचा बोनस पहिल्या लेव्हलला +2, रोगच्या एक्सपर्टीझमुळे तो दुप्पट, +4. एकूण +7. साधारण अवघड कुलपाची डीसी, म्हणजे फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा, 15 धरा, तर डी20 वर (वीस बाजूंच्या फाशावर) 8 किंवा वर पडायला हवा. 65 टक्के. ताकद सोडून बाकी सगळं शून्य असलेला फायटर तेच कुलूप उघडायला गेला, तर त्याला 30 टक्के. तुमच्या कॅरेक्टरचं एखादं काम असं असावं की ते आलं की सगळं टेबल तुमच्याकडे बघेल.

पहिल्यांदाच खेळतोय. क्लास कोणता घेऊ?

फायटर किंवा रोग. मंत्र असलेला क्लास पाचही बोटं तोंडात घालायला लावतो: किती मंत्र माहीत, किती तयार, किती वेळा वापरायचे, कुठला किती वेळ टिकतो. हौसच असेल तर विझर्ड घ्या, पण आपल्या पाळीला पुस्तक उघडायचं नाही, आधी उघडून ठेवायचं, एवढी अट स्वतःला घाला. ड्रुइड मात्र पहिल्या खेपेला नकोच. प्राण्यांची रूपं घ्यायला लागला की प्रत्येक प्राण्याचा वेगळा कागद.

पार्टीत बरं करणारा हवाच का?

हवा असं नाही. औषधी काढे आणि लढाईनंतरची विश्रांती यांवर चालतं. चार जणांच्या पार्टीला खरी गरज असते ती पुढे उभं राहून मार खाणाऱ्याची, आणि कुणाशी तरी धड बोलू शकणाऱ्याची. दुसरा नसला तर प्रत्येक पहारेकऱ्याशी मारामारी होते.

बॅकस्टोरी किती लांब असावी?

अर्धं पान. एका खेळाडूनं मला एकदा अकरा पानं दिली होती. त्यात वंशावळ होती, एक युद्ध होतं, दोन मृत्यू होते आणि शेवटी कॅरेक्टरनं सूडही घेऊन टाकला होता. मी विचारलं, "मग हा आता माझ्या मोहिमेत कशाला येईल?" तो गप्प. गोष्ट संपलेला माणूस साहसाला निघत नाही.

अर्ध्या पानात तीन गोष्टी पुरतात: काय हवंय, जिवंत असलेली दोन माणसं (एक प्रेमाचं, एक देण्याघेण्याचं), आणि एक प्रश्न ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. तिसरी गोष्ट डीएमला भेट म्हणून द्या. किल्लीच्या कागदावर एवढंच लिहिलंय: "त्या गिऱ्हाइकाला माझं नाव कुणी सांगितलं?"

माझं कॅरेक्टर एकलकोंडं आहे. कुणावर विश्वास ठेवत नाही. चालेल ना?

चालतं, पण त्याचा भार बाकीच्यांवर पडतो. गुत्त्याच्या कोपऱ्यात टोपी ओढून बसलेल्या माणसाला सोबत ओढायला चौघांनी अर्धा तास घालवायचा, आणि त्यानं नाही म्हणायचं. एकलकोंडं हवंच असेल तर पार्टीतल्या एका माणसाशी त्याचं जुनं नातं आधीच ठरवून टाका. तो इतरांवर विश्वास ठेवत नाही, पण हिच्यावर ठेवतो. बस.

"पण माझं कॅरेक्टर असंच वागलं असतं!" यावर काय म्हणायचं?

कॅरेक्टर तुम्हीच बनवलंय, म्हणायचं. सोबत्यांची पाकिटं मारणारा चोर आपोआप जन्माला येत नाही.

अलाइनमेंट काय लिहू?

काहीही. कॅरेक्टर सज्जन की दुष्ट, नियम पाळणारं की मोडणारं, याचा हा शिक्का. पाचव्या आवृत्तीत तिच्यावर फारच थोडे नियम अवलंबून आहेत. मी तो चौकोन रिकामा ठेवू देतो.

सेशन झीरो म्हणजे काय? गरज आहे का?

खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी बसून बोलायचं सेशन. हो, आहे. कॅरेक्टर घरी एकेकट्यानं बनवून आणली की एक जण विनोदी गवयी, एक जण काळजीत बुडालेला खुनी आणि एक जण बोलणारा बेडूक घेऊन येतो. तिघेही आपापल्या जागी छान असतात, एका होडीत बसत नाहीत.

त्या बैठकीत ठरवायचं: मोहीम हसरी की अंधारी, किती सेशनची, कॅरेक्टर मरू शकतात का, आणि कुठले विषय टेबलावर नकोत. शेवटचा मुद्दा लोक संकोचानं टाळतात. लहान मुलांना इजा, कोळी, कैद अशा एखाद्या गोष्टीचा कुणाला खरोखर त्रास होतो, आणि ते ऐन खेळात कळलं तर सगळ्यांचीच पंचाईत. कारण विचारायचं नाही, यादीत लिहायचं. कागदावर एक मोठी फुली काढून टेबलाच्या मध्ये ठेवायची, कुणीही तिला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, ही जॉन स्टॅवरोपोलस यांची एक्स-कार्डची युक्ती बरीच टेबलं वापरतात.

आणि किल्लीच्या खेळाडूनं "कोंडलेली माणसं" हा विषय मांडला तोही इथेच, सगळ्यांसमोर. कुणाची हरकत नाही हे बघून मगच मी पुढची मोहीम आखली.

मोहीम लिहायची म्हणजे कथाच लिहायची ना?

नाही, आणि बहुतेक डीएमचं घोडं इथेच पेंड खातं. माझंही खाल्लं. पहिल्या कॅम्पेनला मी चाळीस पानं लिहिली होती: खेळाडू राजवाड्यात जातील, सरदार त्यांना फसवेल, मग ते पळतील. पहिल्याच सेशनला त्यांना सरदाराचा संशय आला आणि त्यांनी बंदरावरून दिसेल ते जहाज पकडलं. एकोणचाळीस पानं पाण्यात.

कथा लिहिली की खेळाडूंनी काय करायचं हेही तुम्ही लिहून ठेवता, आणि नेमकं तेवढंच तुमच्या हातात नसतं. परिस्थिती लिहा. कोण कुठे आहे, कुणाला काय हवंय, आणि कुणीच मध्ये पडलं नाही तर काय होईल.

किल्लीच्या पार्टीसाठी मी लिहिलेली परिस्थिती अशी होती. खाणीचं गाव. खाणीच्या फाटकाला बाहेरून कुलूप, तीन दिवसांपासून. आतून ठोकण्याचा आवाज येतो. गावात कुणी त्याबद्दल बोलत नाही.

माणसं तीन. मुकादम: खालून काहीतरी वर आलं म्हणून त्यानंच घाबरून फाटक लावलं, आणि आता साहेबांची तपासणी उरकेपर्यंत गावात शांतता हवी. एक बाई: तिचा भाऊ आत आहे, तिला तो बाहेर हवा, आणि त्यासाठी ती रात्री सुरुंगाची दारू चोरणार आहे. देवळातला म्हातारा: त्यानं रात्र रात्र जागून ठोके मोजलेत. आत गेले नऊ जण. ठोकणारे हात दहा आहेत.

पुढे, कुणी मध्ये पडलं नाही तर: आज रात्री बाई दारू चोरते. उद्या पहाटे फाटक उडतं, दोघे कामगार तिथेच मरतात, आणि दहावा बाहेर येतो. परवा साहेब येतात आणि मुकादमाला गावात एकही साक्षीदार जिवंत नको असतो.

एवढंच. एक पान. खेळाडूंनी मुकादमाला धरलं काय, बाईला मदत केली काय, की थेट कुलूप उघडलं काय, मला काय घडेल ते कळतं, कारण सगळ्यांना काय हवंय ते मला ठाऊक आहे. आणि हो, ते कुलूप पाचवं होतं. किल्लीनं ते हातात घेऊन उलटं केलं, खालची आपली खूण बघितली, आणि टेबलावर जी शांतता पसरली ती माझ्या चाळीस पानांनी कधी मिळवली नव्हती.

खेळाडूंचा रोल (फासा टाकणं) चुकला आणि धागा सापडलाच नाही. आता?

ज्या गोष्टीवाचून मोहीम पुढे सरकत नाही ती एका रोलच्या पलीकडे ठेवूच नका. डीसी 15, खेळाडूचे +5, म्हणजे 45 टक्के वेळा अपयश. जवळजवळ निम्म्या टेबलांवर तुमची गोष्ट तिथेच ठप्प. तीच माहिती तीन वेगळ्या जागी ठेवा: म्हाताऱ्याच्या ठोक्यांत, मुकादमाच्या हजेरीवहीत, फाटकापाशी पडलेल्या दहाव्या, ओल्या पावलाच्या ठशात. तिन्ही चुकण्याची शक्यता 9 टक्क्यांवर येते.

आणि रोल चुकला म्हणजे "काही सापडत नाही" असंच कशाला? सापडू द्या, पण किंमत लावा. हजेरीवही मिळते, आणि ती वाचताना दारात मुकादम उभा असतो.

डीसी किती ठेवू?

सोपं 10, मध्यम 15, अवघड 20. पुस्तकात 5 पासून 30 पर्यंत पायऱ्या आहेत, पण ऐनवेळी या तीनच आठवतात आणि तीन पुरतात. रोल मागण्याआधी स्वतःला विचारा: चुकलं तर काही बिघडतं का? नसेल बिघडत तर फासा टाकायला लावू नका, सांगून टाका.

लढाई बरोबरीची कशी करू? एक तर माझा राक्षस दोन मिनिटांत मरतो, नाहीतर सगळी पार्टी आडवी होते.

राक्षस किती मोठा आहे हे नंतर बघा. आधी मोजा, दोन्ही बाजूंना फेरीला किती पाळ्या मिळतात.

पहिल्या लेव्हलचे चौघे घ्या. एकीकडे एक ओगर: हिट पॉइंट 59, आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) 11. दुसरीकडे आठ गॉब्लिन: प्रत्येकी 7, म्हणजे एकूण 56. कागदावर दोन्ही सारखेच वाटतात. आता फासे. ओगरला फेरीला एकच हल्ला, +6. आर्मर क्लास 15 असलेल्या माणसाला तो 60 टक्के वेळा लागतो, सरासरी 13 नुकसान. म्हणजे फेरीला सुमारे 8. आठ गॉब्लिन मात्र आठ वेळा मारतात, +4 ने, निम्मे लागतात, प्रत्येकी साधारण साडेपाच. फेरीला 22. आणि तुमच्या चौघांच्या हिट पॉइंटची बेरीज असते चाळीसच्या आसपास.

उलट बाजूनं, चौघांनी +5 ने आणि साडेसात नुकसानीनं मारलं तर ओगरला फेरीला बावीस-तेवीस बसतात. तिसऱ्या फेरीत तो पडतो. तोपर्यंत त्याचे तीन हल्ले झालेले असतात, त्यातले दोन लागलेले, आणि या लेव्हलला ओगरचा फटका खाल्लेला माणूस बहुधा आडवाच होतो. 8 हिट पॉइंटच्या विझर्डला एका फटक्यात 16 बसले तर तो जागीच मेला, शुद्ध हरपण्याचा टप्पा मिळतच नाही.

2014 च्या मार्गदर्शक पुस्तकात हे गणित गुणाकारानं पकडलंय: राक्षस सात ते दहा असले की अनुभवाचे गुण अडीचपट धरायचे. आठ गॉब्लिनचे 400 होतात 1000. पहिल्या लेव्हलच्या चौघांना 400 लाच "प्राणघातक" म्हटलंय. ओगर 450. 2024 च्या पुस्तकात हा गुणाकार नाही, त्यामुळे संख्या मोजायची जबाबदारी तुमच्यावर आली. मी एवढंच करतो: शत्रू पार्टीएवढे किंवा एखादा कमी-जास्त. एकटा बलाढ्य शत्रू हवा असेल तर त्याच्यासोबत दोन फालतू चमचे, किंवा त्याला इतरांच्या पाळीनंतरही काहीतरी करता येईल अशी सोय.

आणि लढाईला मरेपर्यंत ओढू नका. निम्मे गॉब्लिन पडल्यावर उरलेले पळतात. त्यांनाही घरी जायचं असतं.

कॅरेक्टर मेलं तर?

लगेच मरत नाही. शून्यावर आलं की आपल्या प्रत्येक पाळीला डी20, 10 किंवा वर म्हणजे जमेला एक. तीन जमले तर जीव स्थिर, तीन चुकले तर संपलं. नेमका 20 पडला तर माणूस 1 हिट पॉइंटवर उठून बसतो. हे रोल उघड्यावर टाका. टेबलावरचे सगळ्यांत ताणाचे क्षण हेच.

खरंच मेलं तर खेळाडूला त्याच संध्याकाळी हातात काहीतरी द्या, गावातला एखादा माणूस चालवायला द्या. दोन तास नुसतं बघत बसायला लावणं वाईट.

डीएमनं पडद्याआड फासे बदलावेत का?

मी पूर्वी बदलायचो. खेळाडूंना वाचवायला. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांना कळलंच, आणि मग त्यांना भीती वाटेना. आता लढाईतले फासे सगळ्यांसमोर. लपवतो फक्त ते, ज्यांचा निकाल कॅरेक्टरला कळू शकत नाही: समोरचा खोटं बोलतोय का, दारात सापळा होता का.

लेव्हल कधी वाढवायची?

अनुभवाचे गुण मोजायचे तर दुसऱ्या लेव्हलला 300, तिसरीला 900, चौथीला 2700, पाचवीला 6500. मोजायचा कंटाळा असेल तर एखादं मोठं काम संपलं की सगळ्यांची एकदम वाढवा. पहिली लेव्हल एका-दोन सेशनमध्ये ओलांडू द्या, ती फार ठिसूळ असते. पाचवीला मात्र थांबून तयारी करा. तिथे फायटरला दोन हल्ले मिळतात आणि विझर्डच्या हातात फायरबॉल येतो, आठ फासे, सरासरी 28, वीस फुटांच्या त्रिज्येत सगळ्यांना. काल भारी वाटणारे आठ गॉब्लिन आज एका पाळीत राख.

नकाशे, छोटे पुतळे लागतात का?

चौकटीचा कागद आणि बटणं पुरतात. एक चौकट पाच फूट.

पहिल्या सेशनला बसताना माझ्यासमोर नेमकं काय असावं?

परिस्थितीचं एक पान. प्रत्येक कॅरेक्टरला काय हवंय ते एका ओळीत, म्हणजे चार-पाच ओळी, सतत नजरेसमोर. दोन लढायांचे आकडे, त्यातली एक बहुधा होणारच नाही. आणि वीस नावांची यादी, कारण खेळाडू ज्याला नाव नाही अशाच माणसाला नाव विचारतात, आणि ऐनवेळी सुचलेलं नाव पुढच्या वेळी तुम्हालाच आठवत नाही. वापरलेल्या नावापुढे तो कोण ते लिहीत जा. फाशांचा एक संच जादा, कुणीतरी विसरून येतंच. पेन नको, पेन्सिल घ्या, रात्रभर हिट पॉइंट खोडावे लागतात.